डावा लोब, उजवा लोब

मिस्त्रींनी गुडघ्याखाली पोतं घेतलं होतं आणि कानावर पेन्सिल खोचली होती. त्यांनी हाक मारली तेव्हा मला वाटलं, चहाचं विचारायचं असेल.

"साहेब, तुमची ही दोन चित्रं एकमेकांवर बसत नाहीत."

"कुठली दोन?"

"ही रेघांची, आणि ही ठिपक्यांची."

आमच्या संस्थेच्या दर्शनी दालनात, जमिनीवर, रंगीत फरशीच्या तुकड्यांतून माझी दीर्घिका बसवायचं काम चाललं होतं. चौदा फूट बाय नऊ फूट. दीर्घिका माझी म्हणजे तशी विश्वाचीच, पण वीस वर्षांत मी तिच्यावर इतकी व्याख्यानं झोडली होती की घरी बायको तिला 'ह्यांची ती' म्हणायची. ह्यांची ती कपांवर होती. संस्थेच्या छत्रीवर होती. छत्री उघडली की एक लोब आपल्या डोक्यावर आणि दुसरा शेजाऱ्याच्या डोळ्यात. आता संचालकांना ती पायाखालीही हवी होती. गुरुवारी उद्घाटन. आज मंगळवार.

ही दीर्घिका काय चीज आहे ते सांगतो, फार लांबण लावत नाही. मधोमध दीर्घिका, तिच्या पोटात कृष्णविवर. हे कृष्णविवर खादाड, पण खाल्लेलं सगळं गिळवत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना फवारे सोडतं. फवाऱ्यांच्या टोकांना लाखो प्रकाशवर्षांचे दोन फुगे तयार होतात. तेच लोब. त्या फुग्यांत इलेक्ट्रॉन ठासून भरलेले. ते चुंबकी क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. शिवाय विश्वाच्या जन्मापासूनचा एक शिळा, गारठलेला प्रकाश सगळीकडे पसरलेला आहे, त्याला हेच इलेक्ट्रॉन जाता जाता असा धक्का मारतात की त्याचे थेट क्ष-किरण होतात. म्हणजे एकाच फुग्यातून दोन बातम्या. क्ष-किरणांवरून कळतं, इलेक्ट्रॉन किती आहेत. रेडिओवरून कळतं, त्यांना नाचवणारं चुंबक किती जोरदार आहे. दोन्ही ताडून पाहिलं की हिशेब लागतो. साधारणपणे जिथे रेडिओ जास्त, तिथे क्ष-किरणही जास्त. सगळीकडे असंच असतं.

फक्त ह्यांच्या तिचं तसं नव्हतं. डावा लोब रेडिओत ठणठणीत, क्ष-किरणांत मेल्यासारखा. उजवा रेडिओत मेल्यासारखा, क्ष-किरणांत दिवाणखान्यासारखा उजळलेला. म्हणजे उजवीकडे इलेक्ट्रॉन ढीगभर, पण चुंबक झोपलेलं! वीस वर्षांपूर्वी मी हे छापलं, 'झोपलेलं चुंबक' असं नाव दिलं, आणि त्या झोपेवर आजवर आरामात जगलो.

"बसत नाहीत म्हणजे काय?" मी जरा वरच्या पट्टीत विचारलं. "वीस वर्षं बसतायत."

"असतील. पण मी फरशी लावताना आधी पक्की खूण शोधतो. भिंत हलत नाही, उंबरा हलत नाही. तुमच्या चित्रात हलत नाही असं काय आहे, बघितलं. हे तीन ठिपके." त्यांनी रेघांच्या, म्हणजे रेडिओच्या फिल्मवर पेन्सिल टेकवली. डावीकडे वर तीन बारीक ठिपके, त्रिकोणात. मागच्या कुठल्या तरी लांबच्या दीर्घिका, आम्ही त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. "आणि हे तीन ठिपके." क्ष-किरणांच्या चित्रावर, उजवीकडे वर. तोच त्रिकोण, आरशात बघितल्यासारखा.

त्रिकोण तोच होता, ते मलाही दिसलं. पण माणूस विद्वान असला की डोळ्यांचं ऐकत नाही.

"मिस्त्री, आकाशाच्या नकाशात पूर्व डावीकडे असते. तुम्हाला जमिनीच्या नकाशांची सवय, म्हणून घोटाळा होतोय."

"पूर्व डावीकडे? ती कशी काय?"

"आपण खालून वर बघतो ना. उताणं पडा, डोकं उत्तरेला करा."

मिस्त्री खरंच पडले. सिमेंटच्या पाटीशेजारी, हात पसरून, छताकडे बघत. रिसेप्शनवरची बाई धावत आली, तिला वाटलं चक्कर आली. मिस्त्रींनी तिला हातानेच थांबवलं, डावा हात हलवून बघितला, उजवा हलवून बघितला, आणि पडल्या पडल्याच म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पूर्व डावीकडेच येते."

"बघा!"

"पण मग दोन्ही चित्रांत डावीकडेच यायला हवी ना?"

ते उठले, क्ष-किरणांची फिल्म उचलली आणि पुस्तकाचं पान उलटावं तशी उलटी करून रेडिओच्या फिल्मवर ठेवली. तीन ठिपक्यांवर तीन ठिपके जाऊन बसले. आणि क्ष-किरणांचा तो उजळलेला डाग सरळ डाव्या लोबवर गेला, जिथे रेडिओ ठणठणीत होता. जिथे जगातल्या कुठल्याही सभ्य दीर्घिकेत तो असतो.

मिस्त्रींना मूळ चित्रं मीच दिली होती. संचालकांना 'अस्सल ऐतिहासिक' हवी होती, म्हणून मी कपाटातून वीस वर्षांपूर्वीच्या पारदर्शक फिल्म काढल्या होत्या. तेव्हा आम्ही एका फिल्मवर रेडिओच्या रेघा छापायचो, दुसरीवर क्ष-किरण, आणि खालून दिवा लावलेल्या काचेवर एकीवर एक ठेवून चिकटपट्टी मारायचो. पारदर्शक फिल्मची पुढची बाजू नि मागची बाजू सारखीच दिसते. कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिशा लिहिलेल्या असतात. त्या मी चौकटीत बसेनात म्हणून कात्रीने उडवल्या होत्या. चिकटपट्टीचे पिवळे डाग अजून होते. चुकीच्या बाजूला.

वर खोलीत जाऊन मी मूळ आकडे उघडले आणि पुन्हा नकाशा काढला. वीस वर्षांत जे केलं नव्हतं त्याला दहा मिनिटं लागली. त्यातली चार पासवर्ड आठवण्यात गेली.

खाली आलो तेव्हा मिस्त्री उकिडवे बसून वाट बघत होते.

"मग? कसं लावू?"

"छापलंय तसंच लावा."

"म्हणजे चुकीचं?"

"म्हणजे छापलंय तसं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी हातातल्या कपावरच्या लोबकडे बघत राहिलो.

"साहेब, मी एकदा एका घरात न्हाणीघराचा उतार उलटा काढला होता. पाणी मोरीकडे जायच्या ऐवजी आतल्या खोलीत म्हातारबाबांच्या बिछान्याखाली जायला लागलं. कुणी मला बोलावलं नव्हतं. मीच गेलो आणि माझीच फरशी फोडली. लाज वाटते हो, आपल्या हाताने फोडताना. शेजारपाजारचे बघायला येतात." त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "तुमचं हे पाणी कुणाच्या अंगाखाली जातंय?"

"कुणाच्या नाही. आकाशातलं आहे हे."

"मग मोडायला सोपं," मिस्त्री म्हणाले.

पाणी कुठे जात होतं ते मला पक्कं माहीत होतं. ते धाकटीच्या अंगाखाली जात होतं.

धाकटी म्हणजे माझ्या बायकोची लहान बहीण. आमच्याच संस्थेत, तिसऱ्या मजल्यावर, कंत्राटावर. तिने तीन वर्षांपूर्वी, कुणी सांगितलं नसताना, ह्यांच्या तिचे आकडे पुन्हा बघितले आणि एकटीच्या नावावर लेख लिहिला: क्ष-किरण डाव्या लोबमध्येच आहेत, चुंबक झोपलेलं वगैरे काही नाही. मला दाखवला नाही, कारण भाऊजींचं मन दुखेल. सरळ नियतकालिकाकडे पाठवला. नियतकालिकाने परीक्षणासाठी तो कुणाकडे पाठवावा? या विषयातला जगातला सर्वांत मोठा जाणकार कोण?

परीक्षकाचं नाव गुप्त असतं. लेखिका आपली मेहुणी आहे, असं कळवून मी लेख परत करायला हवा होता. मी नाही केला. मी तो दोनदा वाचला, एकदा घामाने आणि एकदा रागाने, आणि अभिप्राय लिहिला: 'लेखिकेकडून पूर्व आणि पश्चिम यांची अदलाबदल झालेली दिसते. नवशिक्यांकडून असं होतं.' हे वाक्य लिहिल्यावर मी उठून स्वतःसाठी चहा केला होता, इतकं मला ते आवडलं होतं.

धाकटीने पुन्हा तपासलं. अकरा वेळा. मग नम्रपणे कळवलं की अदलाबदल नाही. मी लिहिलं, 'वीस वर्षं मान्य असलेल्या निष्कर्षावर शंका घेण्याआधी लेखिकेने मूळ निरीक्षकाशी बोलायला हवं होतं.' मूळ निरीक्षक म्हणजे मी! लेख फेटाळला गेला. परीक्षकाचं 'अदलाबदल' कसं कुणास ठाऊक संस्थेत फुटलं, आणि तिचं नावच 'डावं-उजवं' पडलं. जिन्यात कुणी भेटलं की म्हणायचं, डावीकडून जा गं, नाहीतर आपटशील. दुसरं कोणी कशाला, मीच तिच्या वाढदिवसाला होकायंत्र दिलं होतं, गंमत म्हणून. ती हसली होती. माझ्या मनात क्षणभर आलं होतं की हे जरा जास्तच झालं. क्षणभरच.

त्यानंतर तिने स्वतःचं असं काही लिहिलंच नाही. तीन वर्षं ती दुसऱ्यांची उपकरणं तपासत बसली. आणि परवा, गुरुवारी नऊ वाजता, कायमच्या जागेसाठी तिची मुलाखत होती. समितीने आधीच विचारून ठेवलं होतं: तुमचं स्वतःचं, एकटीचं काम कुठलं? तो लेख तिने आपल्या कामांच्या यादीतून स्वतःच्या हाताने खोडला होता. ही शेवटची संधी. यंदा नाही झालं तर कंत्राट संपत होतं.

आधी मी संचालकांना फोन केला. वाटलं, वरून सुरुवात केली तर बरं.

"फरशी जरा थांबवू या का?"

"का हो? रंग आवडला नाही?"

"नाही, डावं-उजवं जरा..."

"अहो, बघणाऱ्याने पलीकडून उभं राहून बघावं, झालं!" संचालक म्हणाले. ते मुळात शेतीच्या यंत्रांचे अभियंते होते.

मग मी घरी गेलो आणि बायकोला सांगितलं. स्वयंपाकघरात, ती कपड्यांच्या घड्या घालत असताना. फिल्मचं सांगितलं, ठिपक्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "हात्तिच्या! मग पुन्हा छापा." मग मी परीक्षकाचं सांगितलं.

तिने हातातल्या शर्टाची घडी केली. ती उलगडली. पुन्हा केली.

"माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली होती ती तेव्हा. तुम्ही कुठे होतात, आठवतंय?"

"बाहेरच्या खोलीत."

"पंखा पुसत होतात. जन्मात कधी पंखा पुसला नाहीत, त्या दिवशी स्टुलावर चढून तिन्ही पाती पुसलीत. मला वाटलं, मेहुणीच्या दुःखाने माणूस हलला." तिने शर्ट माझ्या छातीवर आदळला. "घाला हा. आत्ता जायचं. मी येते, पण वर नाही येणार. मी आत आले तर तुम्ही माझ्यामागे लपाल."

धाकटीचं घर दोन जिने वर. दार उघडलं तेव्हा ती मुलाखतीसाठी शिवलेल्या नव्या जाकिटात होती, खाली घरातला पायजमा.

"भाऊजी! या या. उद्घाटनाचं भाषण दाखवायला आलात ना? मी आधीच सांगते, 'झोपलेलं चुंबक' चार वेळा आलं तर मीही झोपेन."

मी बसलो. खोलीभर कागद होते. टेबलावर तिची यादी पडली होती, आणि यादीतली ती खोडलेली ओळ. पट्टी लावून खोडलेली होती. ती कुठलीही गोष्ट नीटच करते.

"तुझा लेख बरोबर होता," मी म्हणालो.

"कुठला?"

"डाव्या लोबचा. मी फिल्म उलटी लावली होती. वीस वर्षांपूर्वी. आज कळलं. मिस्त्रींनी दाखवलं."

तिने जाकिटाचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं. मग टेबलाकडे गेली, मग खिडकीकडे (खाली थांबलेली तिची ताई तिथून दिसत होती), मग परत टेबलाकडे. मग एकदम खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. रडतही असेल. दोन्ही.

"उलटी फिल्म! अहो भाऊजी! वीस वर्षं!"

"हो."

"आणि कप? आणि छत्र्या?"

"सगळंच."

"अरे देवा." तिने डोळे पुसले आणि माझे दोन्ही हात धरले. इथे मला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. कारण ती म्हणाली, "तुम्ही किती मोठ्या मनाचे आहात. कुणी कबूल केलं असतं हो? उद्घाटन परवावर आलंय, आणि तुम्ही स्वतः चालत आलात मला सांगायला. चूक कोणाची होत नाही? माझ्या मनात तुमच्याबद्दल तसूभरही काही नाही. माझा राग आहे तो फक्त त्या परीक्षकावर."

"हं," मी म्हणालो.

"तुमचं काय, नकळत झालं. त्याच्यासमोर माझे आकडे होते! त्याने एकदा, फक्त एकदा उघडून बघायचे होते. दहा मिनिटांचं काम."

"सहा," मी म्हणालो. पासवर्ड वजा जाता.

"काय?"

"काही नाही."

"आता मी त्याला सोडत नाही. संपादकांना पत्र लिहायचं. तुम्ही आणि मी, दोघांच्या सहीने. तुमच्या नावाला वजन आहे. बसा इथे, मला उभ्यानेच सुचतं, मी सांगते, तुम्ही टंका."

तिने मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. मी म्हणालो, "ऐक, आधी मला एक..." ती म्हणाली, "आधी पत्र. उद्या सकाळपर्यंत गेलं तर परवा समितीला दाखवता येईल." आणि ती येरझारा घालायला लागली.

स्वतःविरुद्धची तक्रार स्वतःच्या बोटांनी टंकण्याचा अनुभव फार लोकांना नसेल. ती सांगत होती, मी लिहीत होतो. 'माननीय संपादक, तीन वर्षांपूर्वी आपण ज्या परीक्षकाकडे माझा लेख सोपवला, त्याने तो वाचण्याचे कष्ट घेतले नाहीत.' मी लिहिलं. 'मूळ निरीक्षकाने आपली चूक सन्मानाने मान्य केली आहे. त्यांचा प्रामाणिकपणा आणि या परीक्षकाची वागणूक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.' तेही लिहिलं. जमीन आणि अस्मान शेजारी शेजारी बसून टंकत होते. 'त्याने मला नवशिकी म्हटलं. तो आळशी, अहंकारी आणि निर्लज्ज माणूस आहे.' इथे माझी बोटं अडली. 'आळशी' लिहिलं, 'अहंकारी' लिहिलं.

"जास्त होतंय का?" तिने विचारलं.

"नाही, नाही."

"तुमचा चेहरा उतरलाय. तुम्ही फार साधे आहात भाऊजी, तुम्हाला असं कडक लिहायला जड जातं. घ्या पाणी."

मी पाणी प्यालो. मी साधा नव्हतो. मी घोटाघोटाने स्वतःची कीव करत होतो, आणि तिच्याच भांड्यातून.

"आता शेवट. 'या परीक्षकाचं नाव मला कळावं, अशी माझी मागणी आहे.' देतील का हो नाव?"

"नाही देत कधी," मी म्हणालो. तेवढं मला ठाऊक होतं. ते नाव कधीच कुणाला कळलं नसतं. संपादक गप्प बसले असते, मी मोठ्या मनाचा राहिलो असतो, पुढल्या वाढदिवसाला तिने मलाच काहीतरी दिलं असतं. तिला जागाही मिळाली असती. कुणाचंच काही बिघडलं नसतं. फक्त दर वेळी ती 'भाऊजी' म्हणाली की मला कुठेतरी चढून पंखा पुसावा लागला असता.

तिचं वाक्य मी पूर्ण केलं. मग खाली एक ओळ मारली: 'ते नाव असं.' आणि माझं नाव, पद, खोली क्रमांक. खोली क्रमांक कशासाठी टंकला, कोण जाणे.

"वाचून बघ," मी म्हणालो, आणि पडद्यासमोरून मान बाजूला घेतली.

ती माझ्या खांद्यावरून वाकली. ती सगळं पहिल्या अक्षरापासून वाचते, 'माननीय संपादक' सुद्धा. वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवत होतं. तिचा श्वास माझ्या कानाजवळ चालू होता, मग थांबला, मग पुन्हा चालू झाला. तिने पुन्हा वरून वाचायला घेतलं.

"पाचवी ओळ," ती म्हणाली.

"काय?"

"मी 'निर्लज्ज' सांगितलं होतं."

"हो."

"तुम्ही 'निष्काळजी' लिहिलंय."

मी 'निष्काळजी' खोडलं. एकेक अक्षर, मागून पुढे. मग 'निर्लज्ज' लिहिलं. माझा रफार चुकला, ती थांबली. मी तो दुरुस्त केला.

"आता दोन प्रती काढा."

यंत्र घरघरलं, दोन कागद बाहेर आले. तिने पेन दिलं. मी दोन्हींवर सही केली, शेजारी तिने केली. तिने सही वाळेपर्यंत कागद हवेत धरला, मुलाखतीच्या फायलीत सगळ्यात वर ठेवला, दुसरा पाकिटात घातला.

"धाकटे..."

"मला यादी पुन्हा करायची आहे," ती म्हणाली. "उठा."

मी उठलो. ती त्या खुर्चीत बसली नाही. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, नव्या जाकिटाच्या बाह्या वर सारल्या आणि यादीतली पहिली ओळ टंकायला लागली. मी दाराशी उभा होतो, कडीला हात लावून. तिने मागे न बघता सांगितलं, "दार ओढून घ्या. आणि ताईला म्हणावं, वर ये. तू एकटीच ये म्हणावं."